खेळघराची कडी

"शालन, जरा आत बसून बघ बरं, मावतेस का."

ह्यांनी खेळघराचं दार उघडून धरलं होतं. मी खळीचं भांडं खाली ठेवलं आणि हात पदराला पुसले.

"मी कशाला? पोरं बसायची आहेत त्यात."

"मोठं माणूस मावलं की दोन पोरं मावणारच. बस तर."

बसले. गुडघे हनुवटीला, मान वाकडी. बाहेरून ह्यांनी दार लावलं, कडी सरकवली, काढली, पुन्हा सरकवली. "वा! कशी लोण्यासारखी चालते बघ." आमची चार वर्षांची रेवा टाळ्या पिटत नाचत होती, "आई घरात! आई घरात!" मीही आतून हसले. खोटं कशाला बोलू, घर देखणंच झालं होतं. प्रयोगशाळेचं काचसामान ज्या खोक्यांतून येई, त्यांच्या फळ्या रंधून ह्यांनी ते उभं केलं होतं. छपरावर मी लाल कौलं रंगवली होती, दाराशेजारच्या इवल्याशा खिडकीला माझ्या जुन्या पातळाचा पडदा लावला होता. आठवडाभर ते आमच्या व्हरांड्यात होतं, आणि जाणारा-येणारा थांबून म्हणायचा, "खराडेसाहेब, तुमच्या हातात जादू आहे बघा."

जादू होतीच. हे साखर कारखान्यात केमिस्ट. वसाहतीत कुणाचा मिक्सर बिघडो, कुणाचा नळ गळो, माणूस पहिला आमच्या दारात यायचा. खिशाला कायम स्क्रू-ड्रायव्हर खोचलेला. चढलेला आवाज कुणी ऐकला नाही, तोंडात कधी सुपारीचं खांड नाही. माझी आई म्हणायची, "देवमाणूस मिळालाय तुला, शालन." असेल. पण देवाचं बरं असतं, तो देवळात बसतो आणि आपण घंटा वाजवून घरी येतो. माझा देव घरातच बसलेला.

हे खेळघर आलं कुठून, तर शिबिरातून. वसाहतीची बालवाडी मी चालवत होते, आणि अशा बालवाड्या चालवणाऱ्या संस्थेच्या प्रमुख होत्या इंदूताई गलगले. बाई उंच, आवाज त्याहून उंच. एक दिवस बालवाडीच्या पायरीवर बसून त्यांनी फर्मान काढलं.

"शालन, मे महिन्यात तालुक्यातल्या बालवाडीताईंचं शिबिर आहे. चाळीसेक जणी येतील. ते तू घ्यायचंस."

"मी? छे, मला नाही जमायचं."

"लाजायचं नाटक पुरे. सगळीकडं पोरं रडत येतात, तुझ्याकडची रडत घरी जातात. ते कसं करतेस तेवढं सांग. आणि हे जमलं ना, तर जूनपासून तुला संस्थेची प्रशिक्षिका करते. जिल्हाभर फिरायचं. आज एका गावाला, उद्या दुसऱ्या."

फिरायचं! तो एक शब्द मी घरी येईपर्यंत आवळ्यासारखा तोंडात घोळवत आले.

संध्याकाळी ह्यांच्यापुढं चहा ठेवला आणि भीत भीत शिबिराचं काढलं. जूनचं एका वाक्यात उरकलं.

"अरे वा! अभिनंदन!" हे म्हणाले. मी बघतच राहिले. "जूनचं जूनला बघू. पण शिबिराला तालुक्याला कशाला जायचं? आपला इथला हॉल आहे की. माइक मी आणतो, जेवणाचं कॅन्टीनला सांगतो."

"पण ताई म्हणत होत्या की..."

"मी बोलतो ना त्यांच्याशी."

बोललेसुद्धा. दुसऱ्या दिवशी इंदूताई मलाच म्हणतात, "नशीब काढलंस हो! आमच्या नशिबी कुठला असा नवरा." आता यावर मी काय बोलणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

आता आमच्या घराच्या कडीचंही सांगायला हवं. मी लग्न होऊन आले ती ऐन सीझनला. ऊस घेऊन येणाऱ्या गाड्या रात्रंदिवस दारावरून चाललेल्या, रस्त्यात सगळी अनोळखी माणसं. कामावर निघताना ह्यांनी बाहेरून कडी लावली. "परकी माणसं फार असतात गं. तुझ्याच काळजीनं लावतोय." नवी नवरी मी, मला वाटलं, किती हा जीव! सीझन संपला, गाड्या गेल्या, माणसं गेली. कडी राहिली. पुढं रेवा रांगती झाली आणि एकदा खोलीत स्वतःला कोंडून बसली, तेव्हा ह्यांनी घरातल्या आतल्या कड्या सगळ्या काढून टाकल्या. तेही काळजीनंच. म्हणजे आमच्या घराला आतून कडीच नव्हती. बाहेर एक होती, ती ह्यांच्या हातातली.

सकाळी मला बालवाडीत हे सोडायचे, दुपारी न्यायला यायचे. जेवण व्हायचं, मग कडी. संध्याकाळी उघडायची. शेजारच्या प्रमिलाकाकू एकदा खिडकीशी येऊन म्हणाल्या, "अगं, आत आहेस होय? कडी बघून वाटलं, गावाला गेलात." मी म्हटलं, "वाऱ्यानं दार आपटतं हो फार." झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि रेवा तर दुपारची झोपलेली असायची. तिला कुठं काय कळतंय, असं मी धरून चालले होते.

तर शिबिराची तयारी. दिवसा मी चिंचोके गोळा करायची, जुन्या मोज्यांच्या बाहुल्या शिवायची, काडेपेट्यांची आगगाडी करायची. त्यात मी रमून जायची. संध्याकाळी मात्र हे आरामखुर्चीत बसायचे आणि मी समोर उभी राहायची.

"सुरू कर."

"बालवाडीच्या ताईंनो, मला वाटतं की..."

"'मला वाटतं' कशाला? तुला काय वाटतं याला कोण विचारतंय? 'तज्ज्ञ म्हणतात' असं म्हण."

"तज्ज्ञ म्हणतात की मूल हे..."

"हात किती हलवतेस! आणि ती मोरपंखी साडी नको हं, डोळ्यांत भरते. राखाडी नेस."

एकदाही रागावले नाहीत. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं! हे लाल पेन्सिल घ्यायचे, माझं एक वाक्य काढायचे, स्वतःचं घालायचे आणि वर म्हणायचे, "तुझं नाव व्हावं म्हणूनच करतोय." शेवटी ते भाषण इतकं त्यांचं झालं की माझं त्यात नुसतं तोंड उरलं. दुपारी कडीआड बसून मी तेच पाठ करायची आणि छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं व्हायचं. वाटायचं, एवढं एक शिबिर निभावून ने, शालन. मग जून आहे. मग एसटी आहे.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले. जेवणानंतर प्रात्यक्षिक ठेवायचं. चार पोरं, एक खेळघर, थोडी भांडीकुंडी. पोरांनी घरघर खेळायचं आणि ताईंनी नुसतं बघायचं. मधे बोलायचं नाही, शिकवायचं नाही. मग प्रत्येकीनं आपण काय पाहिलं तेवढंच सांगायचं. मूल तोंडानं सांगत नाही ते खेळात मांडतं, एवढं माझ्या बालवाडीनं मला शिकवलं होतं आणि ते मला सांगायचंच होतं.

ह्यांनी विचार केला. "चालेल. त्यात तुला फारसं बोलावंही लागणार नाही. घर मी करून देतो. आणि मी शेवटच्या रांगेत बसेन. तेवढाच तुला धीर."

शिबिराचा दिवस उजाडला. राखाडी साडी नेसून मी उभी राहिले. हॉल भरलेला, माइक खणखणीत, ताटवाट्यांपर्यंत सगळी व्यवस्था चोख. शेवटच्या रांगेत हे, हसतमुख. मी "तज्ज्ञ म्हणतात" म्हणून जी सुरुवात केली ती थेट शेवटालाच श्वास घेतला. दुसऱ्या रांगेतल्या दोन ताया चक्क पेंगत होत्या. रेवा मधेच धावत आली आणि "आई" म्हणून पायाला बिलगली, तेव्हा काय त्या जाग्या झाल्या.

जेवताना इंदूताईंनी मला बाजूला घेतलं. "काय गं हे? शाळा तपासायला आल्यासारखं बोलतेस. तुझं तू बोल की! अशानं जूनचं अवघड आहे हं, आधीच सांगते."

एक प्रात्यक्षिक काय ते उरलं होतं.

खेळघर मधोमध मांडलं. ताया भोवती गोल करून बसल्या. "काहीही झालं तरी मधे पडायचं नाही," मी बजावलं. "कबूल?" सगळ्या एका सुरात "कबूल" म्हणाल्या. मग मी पोरांना म्हटलं, "खेळा रे घरघर. आपापल्या घरी असतं तसं."

दोघं पोरं कोपऱ्यात मातीच्या चुलीशी बसली. रेवानं माझी पिशवी खांद्याला अडकवली आणि तबस्सुमचा हात धरला. तबस्सुम बॉयलरवरच्या फायरमनची लेक, वयानं पाच आणि जिभेनं पन्नास.

"मी बाबा. तू आई. आत बस."

तबस्सुम आत बसली. रेवानं दार लावलं आणि कडी सरकवली.

"ए, कडी का लावलीस?"

"मी कामाला चाललेय."

"मग जा की. मला पानी आनायला जायाचंय."

"आईनं जायचं नसतं. बाहेर माणसं असतात."

"असनात का! माझी अम्मी जाती."

"तुझ्याच काळजीनं लावलीय गं," रेवा म्हणाली.

तोच मऊ, समजावणीचा सूर. आज रेवाला स्वतःची मुलगी आहे, पण तिचा तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही. मला धावत जाऊन तिला उचलावंसं वाटत होतं. पण चाळीस जणींकडून मीच कबूल करून घेतलं होतं, मधे पडायचं नाही. माझ्याच नियमानं माझे हात बांधलेले. मी शेवटच्या रांगेकडं पाहिलं. ह्यांचं हसू होतं तसंच होतं, फक्त डोळे हसत नव्हते.

आतून तबस्सुम दार बडवायला लागली. "उघड! न्हाईतर मोडून टाकीन!" ताया खुदखुदल्या.

रेवा रागावली नाही. तिला नवलच वाटलं. खिडकीशी वाकून ती हळूच म्हणाली, "अगं, असं ओरडायचं नसतं. माझी आई नाही ओरडत. ती गप बसते खिडकीत. मग मी झोपल्यासारखं करते."

खुदखुद थांबली.

तबस्सुमला तेवढं ऐकायला वेळ कुठला? तिनं खिडकीतून हात बाहेर काढला, चाचपडत कडी गाठली आणि सरकन मागं ओढली. बाहेर आली, डोक्यावर लोटा ठेवला आणि ठसक्यात पाण्याला निघून गेली. रेवा त्या उघड्या दाराकडं तोंडाचा आ करून बघत राहिली.

मी पोरांना खाऊ देऊन बाहेर पाठवलं. "चहा घेऊ या" म्हणून मोकळं होता आलं असतं. सुटका होती. पण इंदूताई माझ्याकडं बघत होत्या, सगळ्याच बघत होत्या, आणि माझ्या तोंडून ठरलेलं वाक्य निघून गेलं, "काय पाहिलंत?"

आक्काताई मगदूम म्हणून एक वयस्कर बाई होत्या, त्या म्हणाल्या, "एक पोरगी बाबा झाली, एक आई झाली."

"बाबांनी आईला आत ठेवून कडी लावली," दुसरी म्हणाली.

"आईला पाण्याला जायचं होतं."

मग पुढं बसलेली एक तरणी ताई खेळघराकडं वाकून म्हणाली, "कडी बाहेरूनच आहे हो याला. आतून नाहीच."

मी घराकडं पाहिलं. अगदी पहिल्यांदाच पाहावं तसं पाहिलं. आठवडाभर मी त्याला रंग देत होते. त्यात बसले होते, मला आत घालून ती कडी दोनदा सरकवली होती, आणि मी हसले होते! मला खटकलं नव्हतं. ह्यांनाही नाही. ह्यांनी ती मुद्दाम कुठं लावली होती? घर कसं असतं, तर असं असतं, एवढंच त्यांच्या हाताला ठाऊक होतं. आणि आता माझ्याही डोळ्याला तेवढंच ठाऊक झालं होतं.

पुढचा प्रश्नही ठरलेला होता. लाल पेन्सिलीतून वाचलेला, माझा स्वतःचा.

"हे मूल कुठं शिकलं असेल?"

सकाळी रेवा माझ्याच पायाला बिलगली होती, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. बायका माझ्याकडं बघत होत्या, मग एकेक मान मागं वळली.

हे उठले. हसत हसत रांगांमधून पुढं आले. "माफ करा हं, माझीच चूक. घाईत कडी बाहेरून बसली. आत्ता काढतो." खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढून ते चाळीस बायकांपुढं गुडघ्यावर बसले आणि त्या बोटभर कडीचे स्क्रू काढायला लागले. इवले इवले स्क्रू, घट्ट बसवलेले. हॉलमध्ये तेवढाच आवाज. घामानं त्यांची मान ओली झालेली मला वरून दिसत होती, आणि खरं सांगते, क्षणभर मला त्यांची कीवच आली.

"झालं. चालू द्या तुमचं." ते उठले.

मी हात पुढं केला. "तो इकडं द्या."

"काय?"

"स्क्रू-ड्रायव्हर. मला लागणार आहे."

माइक चालू होता. देवमाणूस चाळीस जणींसमोर नाही कसं म्हणणार? त्यांनी तो माझ्या हातावर ठेवला. मी कमरेला खोचला आणि बोलायला लागले. भाषणाचे कागद टेबलावर तसेच राहिले. काय बोलले ते आता सगळं आठवत नाही, पण पेंगलं कुणी नाही, आणि निघताना इंदूताई माझ्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाल्या, "पहिल्या तारखेला ये. मी वाट बघते."

घरी आल्यावर हे दिवाणावर बसले. आवाज तोच, मऊ. "चार लोकांत माझी शोभा केलीस."

"मी केली?"

"पोरीला पढवून ठेवलंस."

"तिला कुणी पढवलं, ते बायकांना कळलं की."

माइक आणि कर्णे परत द्यायचे होते, टेम्पो दारात उभा होता. हे बाहेर पडले, दार ओढून घेतलं आणि सवयीनं हात कडीवर गेला. मी खिडकीतून बघत होते. समोरच्या रस्त्यानं ताया बसथांब्याकडं चालल्या होत्या. आक्काताई मगदूम थांबल्या. कडीवरचा हात बघून त्यांनी मोठ्यानं हाक दिली, "येतो हं साहेब!" त्यांच्याबरोबर दहा-बारा जणी थांबल्या. साहेबांचा हात खाली आला. ते टेम्पोत बसून गेले.

दार नुसतं लोटलेलं राहिलं.

मी पायरीवर आले आणि आमच्या घराची कडी काढायला बसले. रंगावर रंग चढून स्क्रू पार बुजले होते. तळहाताला फोड आला. रेवा शेजारी ओंजळ धरून बसली होती, मी एकेक स्क्रू तिच्या ओंजळीत टाकत होते.

"रेवा, दुपारची तू खरंच झोपायची नाहीस?"

"नाही. तू गप असायचीस ना. मग मी पण."

मी पुढं काही विचारलं नाही. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, तसेच वाहू दिले.

"आई, कडी टाकून द्यायची?"

"नाही. आत बसवायची."

बसवली. खिळा वरवंट्यानं ठोकून भोकं पाडली, त्यात स्क्रू पिळले. वाकडी बसली, पण बसली. मी दार लावलं, कडी सरकवली आणि दोघी स्वयंपाकाला लागलो.

दिवेलागणीला टेम्पो थांबल्याचा आवाज आला. पायरीवर पावलं वाजली. दार ढकललं गेलं. उघडलं नाही. पुन्हा ढकललं, जरा जोरात. हात बाहेर कडीची जागा चाचपत असणार, आणि तिथं नुसती भोकं लागत असणार.

मग दार वाजलं. लग्नानंतर पहिल्यांदा ह्यांनी आपल्या घराचं दार वाजवलं.

"बाबा!" रेवा धावली. मी तिला धरलं.

"थांब. आधी विचारायचं असतं."

रेवानं माझ्याकडं पाहिलं, मग दाराकडं तोंड करून विचारलं, "कोण आहे?"

"मी आहे. शालन, दार उघड."

मी दाराशी गेले. "उघडते. आधी एक ऐकून घ्या. पहिल्या तारखेपासून मी फिरतीवर जाणार आहे."

"आत येऊन बोलू."

"आत आलं की तुम्हीच बोलता. आधी ऐका. मी जाणार आहे, आणि ही कडी आता इकडंच राहणार आहे."

शेजारी प्रमिलाकाकू तुळशीपाशी दिवा लावायला आल्या होत्या. मला त्यांच्या बांगड्या ऐकू येत होत्या, तशा बाहेर ह्यांनाही येत असणार.

"बरं," हे म्हणाले.

"ऐकू नाही आलं."

"बरं म्हटलं ना!" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

मग मी कडी काढली.